फॉर्म बी हातात आहे, पण गच्चीवर पाणी येतं का?

प्रश्न थोडक्यात असा. खाली पार्किंग आणि वर बारा मजले अशी सहकारी गृहनिर्माण सोसायटी. ताबा मिळाला तेव्हा अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला होता, तो फायलीत आहे. आता दलाची नोटीस आली आहे. नव्याने निवडून आलेले सचिव विचारतात: एकदा दाखला मिळाल्यावर पुन्हा कसले कागद? एक एजन्सी इमारतीत न येताच फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, द्यायला तयार आहे, घ्यावा का? कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं नाही, मग हे बिल्डरचं काम नाही का? आणि तपासायचं म्हणजे नेमकं काय?

आधी दाखल्याचं बघू. तुमच्या फायलीतला दाखला त्या दिवसापुरता होता. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा कायदा राज्यात डिसेंबर २००८ पासून लागू आहे आणि त्याचे नियम २००९ चे आहेत. त्यातलं कलम ३ सगळ्यात आधी वाचा. मालक किंवा भोगवटादाराने यंत्रणा बसवायची आणि ती सदैव सुस्थितीत, कार्यक्षम ठेवायची, असं ते सांगतं. तशी ती ठेवली आहे याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करायचं. तोच फॉर्म बी. फॉर्म ए वेगळा, तो यंत्रणा बसवून झाल्यावरचा. पंप, राइझर (मजल्यांवर पाणी नेणारा उभा पाइप) असं मोठं काम नव्याने करून घेतलंत तर तोही लागेल.

‘मालक किंवा भोगवटादार’ या शब्दांतच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. कन्व्हेयन्स झालं नसेल, पण इमारतीत राहता तुम्ही. बिल्डरने काम अर्धवट सोडलं असेल तर त्याच्याविरुद्ध जरूर दाद मागा. पण तो निकाल लागेपर्यंत पंप बंद ठेवायची सवलत कायदा देत नाही. बारा-चौदा वर्षं ताबा असलेल्या सोसायट्याही नोटिशीला उत्तर म्हणून बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार जोडतात. अधिकारी तो फायलीला लावतो आणि पुढची तारीख देतो, इतकंच होतं.

आता ‘न येता’ मिळणारा फॉर्म बी. घेऊ नका. त्या कागदावर तुमच्या इमारतीची यंत्रणा चालू स्थितीत आहे असं लिहिलेलं असतं आणि तो सादर करता तुम्ही. उद्या आग लागली आणि पाणी आलं नाही, तर चौकशीत पहिला हाच कागद बाहेर येतो, आणि आपल्याला माहीतच नव्हतं असं म्हणायची वाट तुम्हीच बंद केलेली असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये लालबागच्या एका उंच, महागड्या निवासी इमारतीत आग लागली, तेव्हा इमारतीची स्वतःची यंत्रणा चालली नाही असं दलानेच सांगितलं. यंत्रणा नव्हती असं नाही, बसवलेली होती. उंच इमारतींत बहुतेक वेळा गोची इथेच असते.

एजन्सी निवडताना महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचा परवाना मागा, त्याची मुदत बघा आणि परवाना कोणत्या प्रकारच्या कामाचा आहे तेही बघा. मग एकच अट घाला: तपासणी समितीच्या दोन सदस्यांसमोर होईल आणि आकडे लेखी मिळतील. कोणत्या मजल्यावर किती दाब, जॉकी पंप (पाइपमधला दाब टिकवणारा छोटा पंप) किती दाबाला सुरू झाला, मुख्य पंप किती दाबाला, डिझेल पंप किती सेकंदांत उचलला. ही अट ऐकून ज्यांचा फोन पुन्हा येत नाही, त्यांना जाऊ द्या. माझं वैयक्तिक मत असं की वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट ज्याच्याकडे आहे, त्याच्याच कागदावर विसंबू नये. दोन वर्षांतून एकदा तरी तिऱ्हाइताकडून तपासणी करून घ्यावी. स्वतःच्या कामाला स्वतःच गुण देणाऱ्याच्या हाताखाली कोणी नापास झालेलं मी पाहिलेलं नाही.

तुमच्या इमारतीला नेमकं काय काय लागतं, याचं उत्तर शेजारच्या सोसायटीला विचारून मिळणार नाही. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६, तिचा भाग ४ आग आणि जीवसुरक्षेचा आहे. वापर कोणता आणि उंची किती यावरून कोणती यंत्रणा हवी याचे तक्ते त्यात आहेत. संहितेच्या लेखी १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ही उंच इमारत, म्हणजे पार्किंग धरून साधारण पाच मजले झाले की तुम्ही त्यात आलात. विकास नियंत्रण नियमावल्यांमध्ये उंचीचे टप्पे वेगळे असू शकतात आणि काळानुसार ते बदललेही आहेत. म्हणून तुमच्यासाठी खरा कागद म्हणजे मूळ ना हरकत दाखल्याला जोडलेली अटींची यादी आणि मंजूर नकाशा. बिल्डर देत नसेल तर वास्तुविशारदाकडे, महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे किंवा अग्निशमन दलाकडे प्रत मागा. माहितीच्या अधिकारातही अर्ज करता येतो. ती यादी हातात घेऊन इमारत फिरा. यादीत आहे पण जागेवर नाही, असं काहीतरी सापडतंच.

तपासणी पंपरूमपासून सुरू करा. पॅनेलवरचे सिलेक्टर स्विच कुठे आहेत ते बघा. ‘ऑटो’वर असायला हवेत, बहुतेक ठिकाणी ‘ऑफ’वर सापडतात. यात वॉचमनचा दोष नसतो. पाइपलाइनला कुठेतरी गळती असते, दाब उतरतो, जॉकी पंप दर दहा मिनिटांनी सुरू होतो, पहिल्या मजल्यावरचे लोक आवाजाची तक्रार करतात आणि कोणीतरी स्विच फिरवून टाकतं. त्यामुळे नुसता स्विच ‘ऑटो’वर आणून भागत नाही, गळती शोधावी लागते. जमिनीखालून गेलेला पाइप गंजलेला असेल तर तोच तुमचा सर्वात मोठा खर्च. तो बदलताना जमिनीवरून किंवा चरातून दिसेल असा न्यावा, म्हणजे पुढच्या वेळी खोदाई नको.

मग हेडरवरचा, म्हणजे पंपांच्या सामाईक पाइपवरचा, दाबाचा गेज वाचा. इथे थोडं गणित येतं, पण सोपं आहे. पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब लागतो. तुमची इमारत ३८ मीटर उंच धरू. पाणी गच्चीपर्यंत नुसतं पोचवायलाच ३.८ किलो लागले. वर सर्वात दूरच्या हायड्रंटला (होज जोडायच्या नळाला) ३.५ किलो दाब मिळायला हवा, ही संहितेची अपेक्षा. झाले ७.३. पाइपमधल्या घर्षणाचे थोडे धरा, म्हणजे पंप चालू असताना खाली आठाच्या आसपास आकडा हवा. आता उलटं वाचा: यंत्रणा शांत असताना गेजवर ३ दिसत असेल, तर पाणी तीस मीटरपर्यंतच उभं आहे आणि नवव्या-दहाव्या मजल्याच्या वरचा राइझर रिकामा आहे. पाइपला लाल रंग दिलाय, पेटीत होज (पाणी मारायचा कापडी पाइप) आहे, पण राइझरच्या आत हवा. गेज वाचायला एजन्सी लागत नाही. शून्यावर अडकलेला किंवा वर्षानुवर्षं एकाच आकड्यावर थांबलेला गेज मात्र आधी बदला.

शांत असतानाचा दाब बरोबर दिसला म्हणून समाधान मानू नका. अर्धवट उघडा व्हॉल्व्ह किंवा गाळाने भरलेली सक्शनची गाळणी असली तरी पाणी थांबलेलं असताना दाब पूर्ण दिसतो. पाणी वाहायला लागलं की तो कोसळतो. म्हणून खरी चाचणी एकच: गच्चीवरच्या हायड्रंटला होज आणि ब्रांच (होजच्या टोकाची नळी) लावून पाणी सोडायचं आणि वाहत्या पाण्यात दाब मोजायचा. त्या वेळी पंपरूममध्ये कोणी बटण दाबायचं नाही. दाब उतरताच आधी जॉकी, त्याला झेपलं नाही की मुख्य पंप आपोआप सुरू व्हायला हवा. आणि मुख्य पंप आपोआप बंद होता कामा नये, तो हातानेच बंद करायचा असतो. एजन्सीचा माणूस खाली उभा राहून ‘मी चालू करतो’ म्हणाला, तर ती चाचणी झालीच नाही.

काही इमारतींत वेट राइझर (खालच्या पंपाने कायम भरलेला राइझर) नसून डाउनकमर असतो, म्हणजे पाणी गच्चीवरच्या टाकीतून खाली येतं. तुमच्याकडे काय आहे ते नकाशात बघा. डाउनकमरमध्ये वरच्या मजल्यांना नैसर्गिक दाब जवळजवळ नसतोच, तिथे सगळी मदार गच्चीवरच्या पंपावर. आणि गच्चीवरचा पंप चार पावसाळे उघड्यावर काढलेला असतो.

विजेची चाचणी फार कमी लोक करतात, म्हणून ती आवर्जून सांगतो. आग लागल्यावर दलाची माणसं सर्वात आधी इमारतीचा वीजपुरवठा तोडतात. फायर पंप आणि फायर लिफ्ट यांची केबल मुख्य स्विचच्या आधीच वेगळी घेतलेली नसेल, तर त्याच क्षणी पंपही मरतो. मूळ जोडणी बरोबर असते, पण नंतर कोणीतरी मीटररूमच्या दुरुस्तीत ती सामाईक मीटरवर आणून ठेवतो. तपासायला एक रविवार सकाळ पुरे: सभासदांना आधी कळवा, परवानाधारक इलेक्ट्रिशियनला उभा करा, मेन स्विच खाली करा आणि पंप चालतो का बघा. डिझेल पंप असेल तर तोही त्याच वेळी बघून घ्या. इंजिन शाबूत आणि बॅटरी मेलेली, हे नेहमीचं.

टाकी. आगीसाठीचं पाणी आणि वापराचं पाणी यांची रचना अशी असते की आधी आगीची टाकी भरते आणि ती ओसंडून पाणी वापराच्या टाकीत जातं. त्यामुळे आगीचं पाणी साचून कुजत नाही आणि राखीव साठाही हलत नाही. एप्रिल-मेमध्ये पाणीकपात सुरू झाली की प्लंबरच्या मदतीने या राखीव साठ्याला हात लागतो. एकदा टाकलेला तो जोड-पाइप मग तसाच राहतो. तो शोधा आणि काढा.

चोरीबद्दलही बोलायला हवं. ब्रांच पाइप, नोझल, कपलिंग हे पितळेचे किंवा गनमेटलचे, भंगारात चांगला भाव मिळणारे. पेट्या उघडल्या तर निम्म्या रिकाम्या निघतात. उपाय म्हणून काही सोसायट्या पेट्यांना कुलूप लावून किल्ली ऑफिसात ठेवतात, आणि ऑफिस रात्री बंद. असं करू नका. काच फोडून उघडता येईल अशी पेटी, जिन्यात कॅमेरा आणि दर महिन्याला मोजदाद यावर भागवा. होज उलगडून बघा. वर्षानुवर्षं त्याच घडीवर राहिलेला होज घडीवरच फाटतो. रहिवाशांच्या हाती खरं उपयोगी पडणारं साधन मात्र होज रील, म्हणजे रिळावर गुंडाळलेला बारीक पाइप, आहे. मोठा होज धरायला सराव लागतो, दाब जास्त असेल तर दोन माणसं लागतात. रीलचा पाइप एकटी व्यक्ती ओढू शकते. तिचा व्हॉल्व्ह जाम झालेला नाही ना, एवढं दर मजल्यावर बघा.

स्प्रिंकलरबद्दल गैरसमज खूप. सिनेमात एक काडी पेटली की सगळ्या मजल्यावर पाऊस पडतो. प्रत्यक्षात प्रत्येक हेडमध्ये काचेची छोटी नळी असते आणि तिथली हवा तापली की तीच नळी फुटते. लाल नळी ६८ अंश सेल्सिअसची, सर्वसाधारण जागांमध्ये तीच दिसते. म्हणजे जिथे आग तिथेच पाणी. हे समजावलं की घरातले स्प्रिंकलर काढून टाकणाऱ्या सभासदांचा निम्मा विरोध मावळतो. उरलेला निम्मा इंटिरियरवाल्यांचा: फॉल्स सीलिंगच्या वर गाडलेले हेड, रंगाचा थर बसलेले हेड, खाली अगदी टेकून बांधलेली कपाटं. रंग बसलेलं हेड साफ करून चालत नाही, बदलावंच लागतं.

अग्निशामक सिलिंडर हा त्यातल्या त्यात सोपा भाग. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो, तो वजन करून तपासतात. आतल्या वायूचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर भरून घ्यायचा. वीजमीटर आणि लिफ्टच्या यंत्राजवळ हाच ठेवा. अलार्म पॅनेलवर बिघाडाचा पिवळा दिवा सतत जळत असेल आणि हूटर ‘सायलेंट’ केलेला असेल तर तो आजच दुरुस्तीला द्या.

एवढा वेळ पाण्याबद्दल बोललो, पण इमारतींतल्या आगीत माणसं मरतात ती बहुतांशी धुराने. त्यामुळे माझ्या हिशेबात जिना पंपाच्याही आधी येतो. गोरेगावात ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे एका निवासी इमारतीला आग लागली. पार्किंगमध्ये ठेवलेल्या कापडाच्या गाठोड्यांनी आणि गाड्यांनी पेट घेतला आणि वर झोपलेली माणसं गेली. पार्किंग हे गोदाम नव्हे, ही ओळ प्रत्येक सोसायटीच्या फलकावर असते आणि तिच्याच खाली जुन्या गाद्या रचलेल्या असतात. तुमच्याकडे पार्किंगमधून जिन्यात जाणारं दार आहे का, ते स्वतःहून बंद होतं का, की खाली वीट लावून उघडं ठेवलंय? ते दार अग्निरोधक आहे, ठरावीक वेळ आग अडवून धरेल असं बनवलेलं, आणि त्याची सगळी किंमत बंद असण्यात आहे. लॉबीतले शू-रॅक, सायकली, कुंड्या हा भांडणाचा विषय आहे हे मान्य, पण अंधारात धुरात वाकून उतरणाऱ्याला ते पायात येतात.

इलेक्ट्रिक डक्टची दारं उघडून बघा. आत झाडू, रद्दी, दिवाळीच्या माळा सापडतील. त्या काढणं सोपं. कठीण आहे ते स्लॅबमधलं भोक. केबल ज्या भोकातून वरच्या मजल्यावर जातात ते प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक साहित्याने बुजवलेलं असायला हवं. नसेल तर तो डक्ट म्हणजे तळापासून गच्चीपर्यंत उभं धुराडं. इंटरनेटवाला नवी केबल टाकायला हे बुजवलेलं फोडतो आणि तसंच सोडून जातो. फायबर टाकायची परवानगी देताना ते पुन्हा बुजवण्याची अट लिहून घ्या.

गच्चीच्या कुलपाची किल्ली रात्रपाळीच्या वॉचमनकडे हवी. खिडक्यांच्या बॉक्स ग्रिलला आतून उघडणारी झडप हवी. हे सभासदांनी स्वखर्चाने करायचं, पण ठराव सोसायटीने करावा. रेफ्युज एरिया (आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा) असेल तर तिथे व्यायामशाळा, देवघर, भंगार, काहीही चालत नाही. ती जागा कोणाची नाही आणि सगळ्यांची आहे.

बाहेर बघा. बंब इमारतीला भिडायला मोकळी जागा लागते. उंच इमारतीभोवती सहा मीटरची मोकळी वाट आणि ४५ टनांचा भार पेलणारी जमीन, ही संहितेची अपेक्षा आहे. नकाशात ती वाट आहे. प्रत्यक्षात पाहुण्यांच्या गाड्या आहेत. बंबाच्या वाटेत येणाऱ्या जमिनीखालच्या टाकीचा स्लॅब आणि झाकणं हा भार घेतात का, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. गेटजवळ दलासाठी पाणी जोडायची तोंडं असतात, त्यांची टोपणं बघा. बिस्किटाचे पुडे आणि खडे मी स्वतः काढलेत तिथून.

पैशांचं काय? सगळं एकदम करायचं म्हटलं की सर्वसाधारण सभा बिथरते. माझा क्रम असा असेल: या आठवड्यात फुकटातली कामं, म्हणजे जिना, डक्टमधला कचरा, पार्किंगमधलं सामान, किल्ल्या, सिलेक्टर स्विच. मग पंपाची वीज, बॅटरी, गळती. मग होज, नोझल, अलार्म. पाइप बदलण्याचं मोठं काम लागलं तर तीन कोटेशन घेऊन सभेपुढे ठेवा, गच्चीवरच्या चाचणीचा व्हिडिओ दाखवा. अंदाजपत्रकापेक्षा नोझलमधून टपकणारं पाणी सभासदांना लवकर पटतं. आणि वॉचमन बदलला की त्याला पंपरूम, मेन स्विच आणि १०१ हा क्रमांक पहिल्याच दिवशी दाखवा. बऱ्याच सोसायट्या १४ एप्रिलपासूनच्या अग्निशमन सप्ताहात एकदा होज धरून फोटो काढतात. तो सप्ताह १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ असतो. फोटोबरोबर तेव्हा जिन्याने उतरण्याचा सरावही घ्या, ज्येष्ठांना कोण उतरवणार हे नावांसकट ठरवून.

नोटिशीचं उत्तर मुदतीच्या आत द्या. कलम ६ खालची नोटीस असेल तर त्यात त्रुटी आणि मुदत दोन्ही लिहिलेलं असतं. उत्तरात प्रत्येक त्रुटीपुढे काय केलं, काय बाकी आहे, कार्यादेश कोणत्या तारखेचा आणि काम कधी पूर्ण होईल, एवढंच लिहा, सोबत कार्यादेशाची प्रत आणि फोटो जोडा. मुदत पुरणार नसेल तर ती संपण्याआधी वाढवून मागा. गप्प बसलेल्या सोसायटीवर कारवाई पुढे सरकते; धोका गंभीर वाटला तर कलम ८ खाली जागा रिकामी करून सील करण्याचे आणि वीज-पाणी तोडण्याचे अधिकार अग्निशमन अधिकाऱ्यांकडे आहेत, आणि कायदा मोडल्यास कैद व दंडाचीही तरतूद आहे. काम पूर्ण झालं की एजन्सीचा लेखी चाचणी अहवाल जोडून फॉर्म बी सादर करा, पोच घ्या, आणि पुढच्या जानेवारी-जुलैची तारीख समितीच्या इतिवृत्तात आत्ताच लिहून ठेवा, कारण तोवर सचिव बदललेले असतील.